पहिला फ्रॉस्ट कधी पडेल आणि त्याआधी बागेतलं काय काय काढायचं

फ्रॉस्ट म्हणजे टेम्परेचर शून्याला किंवा खाली जाऊन दव आणि पानांतलं पाणी गोठणं. नेटवर 'फर्स्ट फ्रॉस्ट डेट' म्हणून जी तारीख मिळते ती डेडलाईन नसते, हे आधी डोक्यात बसवून घ्या. ती तारीख म्हणजे साधारण तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेला मधला आकडा. म्हणजे निम्म्या वर्षी त्या तारखेच्या आधीच दव गोठून गेलेलं असतं आणि निम्म्या वर्षी नंतर. त्या तारखेच्या भरवशावर टोमॅटो वेलावर ठेवणं म्हणजे नाणं उडवणंच झालं. चांगल्या तक्त्यात तीन तारखा असतात, त्या दिवसापर्यंत फ्रॉस्ट पडून गेलेला असण्याच्या १० टक्के, ५० टक्के आणि ९० टक्के शक्यतेच्या, आणि बऱ्याच ठिकाणी पहिल्या आणि शेवटच्या तारखेत तीन-चार आठवड्यांचं अंतर पडतं. तर १० टक्केवाली तारीख फोनमध्ये रिमाइंडर म्हणून टाका, त्या दिवसापासून रोज संध्याकाळी फोरकास्ट बघायचा. ५० टक्केवाली तारीख पेरणीचं मागचं गणित करायला वापरा. प्रत्यक्ष काढणी कधी करायची हे मात्र तारीख नाही, ती ती संध्याकाळ ठरवते, आणि कोणतं पीक आहे ते.

दक्षिण गोलार्धात असाल तर हे सगळं एप्रिल-मे-जूनकडे सरकवा, बाकी काही बदलत नाही.

फोनवर ३ अंश आणि पानावर बर्फ, असं का होतं

हवामान केंद्राचा थर्मामीटर जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर, सावलीतल्या पेटीत असतो. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकत राहतात, थंड झालेली जड हवा खाली बसते आणि जमिनीलगतचं टेम्परेचर वरच्यापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी असू शकतं. म्हणून फोरकास्टमध्ये किमान ३ दिसलं तरी वाफ्यात पान शून्याला टेकलेलं असू शकतं. ढग असतील तर ते बरीचशी उष्णता परत खाली पाठवतात, आणि हलका वारा असेल तर वरची जरा उबदार हवा खाली मिसळत राहते, त्यामुळे ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री तेवढं टेन्शन नसतं. अपवाद एकच, थंडीची लाटच आत घुसली असेल आणि वाऱ्यासकट सगळी हवाच शून्याखाली असेल तर पांघरूण घालूनही फारसं काही वाचत नाही, तेव्हा नाजूक पिकं सरळ काढून घ्यायची.

तीव्रतेचा अंदाज असा ठेवा. ० ते उणे २ म्हणजे हलका फ्रॉस्ट, नाजूक पानं करपतात. उणे २ ते उणे ४ मध्ये बहुतेक उन्हाळी पिकं संपतात आणि मध्यम दमाच्या पिकांनाही फटका बसतो. उणे ४ च्या खाली गेलं की फक्त काटक मंडळी उभी राहतात. आणि किती वेळ राहिलं यालाही महत्त्व आहे, पहाटे वीस मिनिटं उणे १ आणि रात्री दहापासून उणे १ यात खूप फरक आहे.

स्वतःच्या बागेचा अंदाज घ्यायला एक साधा किमान टेम्परेचर लक्षात ठेवणारा थर्मामीटर घ्या आणि तो भिंतीवर नाही, उघड्यावर, रोपांच्या उंचीला लावा. चार-पाच निरभ्र रात्रींचा आकडा लिहून ठेवा आणि फोरकास्टशी ताडून बघा, तुमच्याकडे नेहमी किती अंश खाली जातं ते कळतं, आणि मग तो फरक मनात वजा करूनच फोरकास्ट वाचायचा. माझ्या मते बागेसाठी घेतलेल्या कुठल्याही महागड्या वस्तूपेक्षा हे जास्त कामाचं आहे.

थंड हवा उतारावरून खाली वाहते. त्यामुळे खोलगट भाग, उताराच्या तळाशी आडवं कुंपण किंवा दाट झुडपं असतील तर त्याच्या वरच्या बाजूची जागा, ह्या ठिकाणी पहिला फटका बसतो. उलट दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीलगतच्या कुंड्या, घराच्या वळचणीखालची रोपं, झाडाच्या छत्राखालचे वाफे एकदोन रात्री सहज जास्त काढतात. पुढच्या सीझनला मिरची-वांगी कुठे लावायची ते इथूनच ठरवा.

सहा-आठ आठवडे आधीची कामं

टोमॅटोचं फूल लागल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारण सहा ते आठ आठवडे जातात, आणि थंड होत जाणाऱ्या दिवसांत जास्तच. म्हणजे अपेक्षित फ्रॉस्टला महिना राहिलेला असताना जे फूल उमलतंय त्याचं काहीही होणार नाहीये. तेव्हा चारेक आठवडे आधी उंच वाढणाऱ्या टोमॅटोचे शेंडे खुडून टाका, नवी फुलं आणि बगलेतले फुटवे काढून टाका, सगळा जोर आहे त्या फळांत जाऊ दे. भोपळ्याच्या वेलाचंही तेच, शेंडे मोडायचे आणि बोटभर लांबीचे नवे भोपळे काढून टाकायचे, जीवावर येतं पण करायचं. नत्राचं खत आता बंद, कोवळी लुसलुशीत वाढ सगळ्यात आधी करपते.

थंडीची पिकं पेरायची असतील तर बियांच्या पाकिटावरचे काढणीपर्यंतचे दिवस जसेच्या तसे धरू नका. दिवस लहान होत जातात तशी वाढ मंदावते म्हणून त्यात अजून दोन आठवडे मिळवा. पाकिटावर ५० दिवस लिहिलेलं लेट्यूस असेल तर फ्रॉस्टच्या तारखेच्या ६४ दिवस तरी आधी पेरलेलं हवं. दिवसाचा उजेड १० तासांच्या खाली गेला की पालेभाज्या जवळपास जागच्या जागी थांबतात, जिवंत राहतात पण वाढत नाहीत, तेव्हा तोपर्यंत त्या खाण्याजोग्या झालेल्या पाहिजेत. पालक, मुळा, कोथिंबीर ह्यांना जरा उशीर झाला तरी फार बिघडत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी काय बघायचं

दुपारी तीन-चारला फोरकास्ट उघडा आणि चार गोष्टी बघा: किमान टेम्परेचर, ढग, वारा आणि दवबिंदू (ज्या टेम्परेचरला हवेतल्या ओलाव्याचं दव व्हायला लागतं तो आकडा). दवबिंदूकडे लोक बघतच नाहीत आणि तोच सगळ्यात उपयोगाचा. हवेत ओलावा भरपूर असेल, दवबिंदू ६-७ च्या वर असेल, तर पानावर दव जमताना उष्णता सुटते आणि टेम्परेचर पडायचा वेग कमी होतो, त्या रात्री बहुतेक निभावून जातं. दवबिंदू शून्याच्या आसपास किंवा खाली असेल, आकाश स्वच्छ असेल आणि संध्याकाळी वारा पडला असेल तर तयारीला लागा. फारच कोरडी हवा असेल तर पांढरा थर दिसतही नाही आणि तरी पानांतलं पाणी गोठून ती काळी पडतात, त्यामुळे सकाळी गवत पांढरं दिसलं नाही म्हणजे वाचलो असं समजू नका.

रात्री दहाला थर्मामीटरवर ४-५ दिसतंय आणि वर चांदण्या लख्ख आहेत, तर पहाटेपर्यंत शून्य गाठणार हे धरून चाला. सगळ्यात कमी टेम्परेचर मध्यरात्री नसतं, ते सूर्योदयाच्या आसपास असतं.

काय आधी काढायचं

सगळी बाग एकाच संध्याकाळी उपटायची गरज नाही. क्रम महत्त्वाचा.

सगळ्यात आधी बेझिल. हिला फ्रॉस्टची पण वाट बघायला लागत नाही, १० अंशांच्या खाली रात्री जायला लागल्या की पानांवर काळे डाग येतात. पूर्ण कापून घ्या, देठ ग्लासभर पाण्यात उभे करून घरातच, फ्रिजबाहेर ठेवा, फ्रिजमध्ये ती काळीच पडते.

मग भेंडी, काकडी, दोडका, श्रावण घेवडा. ही काढल्यावर पिकत-बिकत नाहीत, त्यामुळे छोटीमोठी सगळी तोडून घ्या. घेवड्याच्या ज्या शेंगा पिवळ्या पडून सुकायला लागल्यात त्यांची झाडं मुळासकट उपटून आडोशाला उलटी टांगा, दाणे आत सुकतात. बियाण्यासाठी ठेवणार असाल तर हे फ्रॉस्टच्या आधीच करा कारण ओलं बी गोठलं तर त्याची उगवण मार खाते.

मिरची, ढोबळी मिरची, वांगी. ढोबळीला रंग चढायला सुरुवात झाली असेल तर घरात थोडी पुढे सरकते, नाहीतर हिरवीच राहते, तरी खायला उत्तम. कुंडीतली मिरची आत घेता येते पण आत आणण्याआधी पानांच्या मागची बाजू नीट बघा, मावा आणि पांढरी माशी सोबत आली तर घरातल्या बाकीच्या झाडांची पण वाट लागते.

आता टोमॅटो, कारण सगळा जीव तिथेच अडकलेला असतो. हिरवे टोमॅटो दोन प्रकारचे असतात, घरात पिकणारे आणि कधीच न पिकणारे, आणि बाहेरून ते बरेच सारखे दिसतात. पिकणारा टोमॅटो पूर्ण आकाराचा असतो, त्याचा गडद हिरवा रंग उतरून फिकट, पांढुरका झालेला असतो, खास करून देठाच्या विरुद्ध टोकाला, आणि सालीवर तुकतुकी आलेली असते. खात्री करायची असेल तर त्याच झाडावरचं तसंच एक फळ मधोमध आडवं कापा. बियांभोवती जेलीसारखा गर झालेला असेल आणि सुरी फिरवताना बिया कापल्या न जाता बाजूला सरकत असतील तर त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे पिकतील. आत घट्ट पांढरं आणि सुरीने बिया चिरल्या जातायत, तर ते हिरवे म्हणूनच वापरा, पेपरात गुंडाळून महिनाभर वाट बघण्यात अर्थ नाही.

तोडताना चिरा पडलेले, डाग असलेले वेगळे काढा. बाकीचे कोरडे पुसून ट्रेमध्ये एका थरात, एकमेकांना न टेकता ठेवा. ऊन लागत नाही, खिडकीत ठेवायची गरज नाही, पिकायला लागते ती ऊब. १८ ते २१ अंशांत चांगले निबर हिरवे साधारण दोन आठवड्यांत लाल होतात, १३ अंशांच्या आसपास ठेवले तर महिनाभर लागतो, म्हणून हुशारी अशी की थोडे उबेत ठेवायचे आणि थोडे गार खोलीत, म्हणजे सगळे एकदम अंगावर येत नाहीत. १० च्या खाली नेऊ नका, फ्रिजमध्ये तर नाहीच, तिथे हिरवा टोमॅटो पिकायची क्षमताच गमावून बसतो आणि बेचव होतो. घाई असेल तर कागदी पिशवीत एक पिकलेलं केळं किंवा सफरचंद टाकून ठेवा, त्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने पिकायला वेग येतो. दर दोन दिवसांनी बघत राहा, एक सडला की शेजारचे चार घेऊन जातो. अख्खं झाड उपटून उलटं टांगायची पण पद्धत आहे, छोट्या चेरी टोमॅटोला ती बरी, मोठ्या फळांना मला तरी त्यात काही खास दिसत नाही, नुसती माती सांडते आणि फळं पडून फुटतात.

भोपळे, रताळी, बटाटे

लाल भोपळा निबर झाला का हे नखाने कळतं. साल नखाने दाबली तर खूण उमटायला नको. देठ सुकून लाकडासारखा झालेला पाहिजे. हलक्या फ्रॉस्टने नुसती पानं गेली तर भोपळ्याचं फार काही बिघडत नाही, पण खुद्द भोपळ्यावर फ्रॉस्ट बसला की तो टिकत नाही, म्हणून जोराचा फ्रॉस्ट येण्याआधी काढा. कापताना ५ ते ८ सेंटीमीटर देठ ठेवा आणि उचलताना देठाला धरून उचलू नका, देठ निखळला की तिथूनच कुजायला सुरुवात. मग आठ-दहा दिवस २७-२९ अंशांच्या उबदार, हवेशीर जागी ठेवून साल कडक होऊ द्या आणि नंतर १० ते १३ अंशांत, कोरड्या जागी, एकावर एक न रचता ठेवा.

रताळ्यांना मातीतली थंडी पण सोसत नाही. माती १२-१३ अंशांच्या खाली गेली की आतून खराब व्हायला लागतात, बाहेरून कळतही नाही. वेल फ्रॉस्टने काळा पडला तर त्याच दिवशी तो जमिनीलगत कापा आणि लगेच खणायला घ्या. काढलेली रताळी न धुता साधारण ३० अंश आणि दमट हवेत चार ते सात दिवस ठेवली की सालीवरच्या जखमा भरतात, मग १३ ते १५ अंशांत ठेवायची. ताजं खणलेलं रताळं गोड लागत नाही म्हणून नाराज होऊ नका, गोडी ठेवल्यानंतर येते.

बटाट्याला एवढी घाई नाही. वरचा पाला फ्रॉस्टने गेला तरी खालचे बटाटे मातीत सुरक्षित असतात, उलट पाला मेल्यावर दोन आठवडे थांबलं की साल घट्ट होते आणि जास्त टिकतात. फक्त माती वाफशावर असताना खणा, आणि जे बटाटे मातीवर उघडे पडलेत ते हिरवे झाले असतील तर फेकून द्या. साठवण अंधारातच.

झाडावर सफरचंदं असतील तर ती उणे २ च्या आसपासपर्यंत तग धरतात. गोठलेलं फळ मात्र झाडावर पूर्ण वितळेपर्यंत हात लावायचा नाही, बोट लागलं तिथे काळं पडतं.

कोणाला अजिबात हात लावायचा नाही

केल, कोबी, पालक, लीक, ब्रसेल्स स्प्राउट, गाजर, पार्सनिप. ह्यांना फ्रॉस्टच्या भीतीने काढणारे लोक आपलंच नुकसान करून घेतात, कारण थंडी लागली की ही झाडं स्टार्चची साखर करून पेशींमध्ये साठवतात, त्याने पेशींतलं पाणी सहज गोठत नाही आणि आपल्याला भाजी गोड मिळते. केल आणि पालक उणे ६-७ सुद्धा सहन करतात. फ्लॉवर कोबीइतका दमदार नाही, त्याचा गड्डा उघडा असेल तर बाहेरची पानं वर ओढून बांधा. मोठा झालेला लेट्यूसचा गड्डा कोवळ्या रोपापेक्षा लवकर खराब होतो, तो आधी खा. बीट आणि सलगम ह्यांचे मातीवर आलेले खांदे गोठून मऊ पडतात, त्यांना माती ओढून द्या.

फक्त एक नियम, पानं गोठून कडक असताना तोडू नका. ऊन येऊन ती सैल झाली की तासाभरात पुन्हा ताठ होतात, मग कापा.

पांघरूण: कधी आणि कसं

बऱ्याचदा पहिल्या फ्रॉस्टनंतर दोन-तीन आठवडे पुन्हा छान हवा असते, त्यामुळे एखाद-दोन रात्री रोपं झाकली तर बरंच मिळतं. पुढच्या आठवड्याचा फोरकास्ट बघा, रात्रीचं टेम्परेचर ७-८ अंशांच्या वर राहणार असेल तर झाका, रोजच थंडी असेल तर कशाला मेहनत, काढून मोकळे व्हा.

ऊब येते मातीतून, झाडातून नाही, हे लक्षात ठेवलं की झाकायचं कसं ते आपोआप कळतं. कापड झाडावरून सरळ जमिनीपर्यंत येऊ द्या आणि कडा विटांनी दाबा, खोडाभोवती मुंडासं बांधल्यासारखं गुंडाळलं तर खालची ऊब बाहेरच राहते. जुन्या चादरी चालतात. क्रॉप कव्हर (पिकावर टाकायचं खास पातळ कापड) हलकं, १७ जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) आसपासचं असेल तर एक-दीड अंश वाचवतं, ५० जीएसएमचं जाड असेल तर तीन-चार अंशांपर्यंत. प्लॅस्टिक वापरायचंच असेल तर काठ्या किंवा कमानी लावून पानांपासून लांब ठेवा, टेकलेली पानं हमखास जातात. झाकायचं सूर्य मावळायच्या आधी, जमिनीत ऊब असताना, आणि सकाळी शून्याच्या वर गेलं की काढायचं, नाहीतर उन्हात आत भट्टी होते.

माती कोरडी असेल तर दुपारीच पाणी द्या, ओली माती दिवसाची उष्णता जास्त साठवते. पानं मात्र भिजवू नका. आणि उन्हाळी रोपांखाली पेंढ्याचा जाड थर असेल तर त्या रात्रीपुरता बाजूला सारा, कारण तो मातीची ऊब वर येऊच देत नाही. रात्रभर पाण्याचे फवारे मारून पीक वाचवतात ते मोठ्या मळ्यांचं काम, त्यात बर्फ वितळेपर्यंत पाणी एकदाही थांबून चालत नाही, थांबलं तर न मारण्यापेक्षा जास्त नुकसान. घरच्या बागेत त्या फंदात पडू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी

लगेच कात्री घेऊन धावू नका. दुपारपर्यंत थांबा, मग कळतं की फक्त वरची पानं गेलीत का खोडसुद्धा पाणचट झालंय. वरची पानं गेली असतील तर खालची फळं बऱ्याचदा शाबूत असतात, ती त्याच दिवशी तोडा. टोमॅटोवर काचेसारखे ओलसर पट्टे दिसले तर ते एक-दोन दिवसांत वापरून टाका, साठवू नका, आणि फ्रॉस्टने मेलेल्या वेलावरचे टोमॅटो बाटलीबंद करण्यासाठी वापरायचे नाहीत, त्यांची आम्लता कमी झालेली असते आणि ते सुरक्षित राहत नाहीत.

मेलेली झाडं निरोगी असतील तर कापून कंपोस्टमध्ये टाका, करप्याची असतील तर बागेबाहेर. गाजरांवर माती गोठायच्या आधी फूटभर जाडीचा पेंढा किंवा पालापाचोळा घाला म्हणजे भर थंडीतही फावडं आत जातं. वाफ्याच्या कडेला उंच काठ्या रोवून ठेवा, बर्फ पडला की गाजरं नेमकी कुठे आहेत ते शोधत बसावं लागत नाही. आणि होज पाईप नळापासून सोडवून आतलं पाणी पूर्ण काढून गुंडाळून आत ठेवा, रात्रभर पाणी भरलेला राहिला तर तो फुटतो आणि कधी कधी नळही.